मोहाखालची काळी जमीन

नवेगाव बांधहून सकाळची एसटी सुटली तेव्हा तलावावर धुकं होतं. पाखरं पाहायला आलेले शहरातले लोक काठावर दुर्बिणी लावून उभे होते. त्यांच्या मोटारी रस्त्यात आडव्या उभ्या, म्हणून आमची गाडी खोळंबली. माझी धाकटी जाऊ कवतिका पिशवी छातीशी धरून बसली होती. तिनं बाहेर पाहिलंसुद्धा नाही.

आम्ही दोघी कुठं निघालो होतो ते आधी सांगते. जंगलाच्या काठाला कवतिकाच्या दोन बांध्या (धानाचे लहान तुकडे) आणि तीन मोहाची झाडं आहेत. ती जागा माझ्या सासूच्या सासूनं मोकळी केली. पुढं सासूनं कसली, मग दिरानं, आणि तो गेल्यावर कवतिकानं. कागदावर मात्र ती जंगलखात्याची. वनहक्काचा नवा कायदा आला तेव्हा ग्रामसभेत वाचून दाखवला, की जंगलात पिढ्यान्पिढ्या कसणाऱ्याला त्याची जमीन मिळेल. शेजारच्या गोंडांना आदिवासी म्हणून थोडक्यात भागतं. आम्ही बौद्ध, आम्हाला तीन पिढ्यांचा पुरावा द्यावा लागतो. कागद नसला तर गावातल्या म्हाताऱ्या माणसाची साक्ष चालते. ती म्हातारी मी. चौथीपर्यंत शिकले, वाचता-लिहिता येतं. दावा फेटाळला तर पावसाळ्याआधी खातं तिथं चर खोदून सागाची रोपं लावणार होतं. कवतिकाकडं दुसरी जमीन नाही.

कोहमाऱ्याला गाडी बदलायची होती. तिथं ट्रक, ढाबे, धूळ सगळं आहे, बाईमाणसाला आडोसा नाही. आम्ही तो शोधेपर्यंत पुढची गाडी निघून गेली. एका ढाब्यावर चहा घेतला आणि घरून आणलेली लाखोरीच्या डाळीच्या वड्यांची पुरचुंडी सोडली. ढाबेवाला म्हणाला, "अम्मा, घर का खाना यहाँ नहीं चलता." मी एक वडा त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो खाल्ला आणि चहाच्या भांड्याकडं वळला.

त्याच बाकड्यावर पवार जातीचा एक शेतकरी होता. स्वच्छ धोतर, हातात वकिलाची पिशवी. भावाशी बांधावरून भांडण, बापाच्या वेळेपासून कोर्टात पडलेलं. आमचं काम ऐकून म्हणाला, "तुमचं बरं हाय, बाई. तुमच्यासाठी नवा नवा कायदा निघते. आमच्या नशिबी जुनाच."

मी म्हणाले, "मंग अदलाबदल करू ना, भाऊ. जमीन आमाले द्या, कायदा तुमी घ्या."

तो मोठ्यानं हसला. काळीपिवळी जीप आली तेव्हा खिडकीची जागा मात्र त्यानंच धरली.

पुढचा रस्ता जंगलातून जातो. पळस लाल झाला होता आणि मोहाची पानं गळत होती. कवतिका सकाळपासून पहिल्यांदा बोलली, तेही झाडांबद्दलच. यंदा पाला लवकर पडतो आहे, घरी गेल्यावर झाडाखालचं पाहावं लागेल, असं म्हणाली.

कचेरी ज्या गावात आहे त्याचं नाव लिहीत नाही. लिहून कुणाचं भलं होणार नाही. व्हरांड्यात आमच्यासारखेच लोक बसले होते, पण पाणी प्यायला माठ नव्हता. दुपारच्या जेवणानंतर आमचा पुकारा झाला. साहेब तरुण होता, पुण्याकडचा असावा. त्यानं "आजी, बसा" म्हणून खुर्ची दिली. सरकारी कचेरीत खुर्ची मला त्या दिवशी पहिल्यांदा मिळाली. बाजूला लिहून घेणारा बाबू आणि जंगलखात्याचा एक माणूस होता.

साहेबानं विचारलं, ही जागा यांच्याच घरची, हे तुम्ही कशावरून सांगता?

मी सांगितलं. आमच्याकडे मोह पडायच्या आधी ज्याच्या त्याच्या झाडाखालचा पाला झाडून गोळा करतात आणि जाळतात. जमीन काळी होते. मग पहाटे पडलेली पिवळी फुलं त्यावर लांबून दिसतात, वेचायला सोपी जातात. आणि जिथं काळं केलेलं आहे तिथलं फूल दुसरं कुणी उचलत नाही. गावात त्यावरून भांडण नाही, त्याला पंच लागत नाही, कोर्ट लागत नाही. या तीन झाडांखाली माझ्या सासूच्या सासूनं काळं केलं, मग सासूनं, आता हिनं. सासूची सासू पाल्याला काडी लावायची ते मी नव्या नवरीपणी डोळ्यांनी पाहिलं आहे.

"दरवर्षी?" जंगलखात्याच्या माणसानं विचारलं. तोवर तो जांभया देत होता.

"दरवर्षी. एक साल चुकलं न्हाई," मी म्हणाले. मला वाटलं, हाच पुरावा. याहून पक्का कुठून आणू?

तो बाबूकडं वळला. "लिहून घ्या. राखीव जंगलात दरवर्षी आग."

बाबूनं लिहिलं आणि सहीसाठी कागद पुढं सरकवला. मी तो सावकाश वाचला. त्यात सासूची सासू नव्हती, फुलं नव्हती, गावाची रीत नव्हती. अर्जदार व तिचे कुटुंब पिढ्यान्पिढ्या राखीव वनात आग लावत आले असल्याचे साक्षीदार कबूल करते, एवढंच होतं.

मी म्हणाले, आम्ही जंगल जाळत नाही, पाला जाळतो. बाबू म्हणाला, तुम्हीच बोललात ना. मग मी साहेबाला म्हणाले, ती ओळ काढा. साहेबानं कागद वाचला. तो वाईट माणूस नव्हता, म्हणूनच त्याचं बोलणं मला जास्त झोंबलं. म्हणाला, "आजी, ती ओळ काढली तर साक्षीत काही उरत नाही. ठेवली तर तो गुन्हा होतो. मी काय करू, तुम्हीच सांगा."

मी कवतिकाकडं पाहिलं.

"सही करू नोको, बाई," ती म्हणाली. "जमीन जाते त जाऊ दे. चोर म्हणून कायले लिहून द्याचं?"

मी पेन खाली ठेवलं. साहेबानं शेरा मारला: पुरावा नाही. आम्ही दारातून बाहेर पडताना जंगलखात्याचा माणूस मागून आला. कवतिकाला सांगून गेला, की यंदा त्या झाडांखाली धूर दिसला तर तुला गाडीत घालून नेईन.

परतीच्या गाडीत आम्ही उरलेले वडे खाल्ले. कायदा वाचला गेला त्या दिवशी ग्रामसभेत आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, ते मला आठवलं. कायदा चांगलाच आहे. त्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा असं लिहिलं आहे, आणि त्यांनी विचारलंही. मी खरं सांगितलं. खोटं सांगितलं असतं तर कदाचित जमिनीचं काही झालं असतं. घरापर्यंत मी हाच विचार करत आले.

यंदा कवतिकानं काडी लावली नाही. मोह पडू लागला तेव्हा फुलं पाल्यात हरवली. एका पहाटे आम्ही टोपल्या घेऊन गेलो, तर खालच्या टोलीतली (वस्तीतली) एक बाई आमच्या मोठ्या झाडाखाली वेचत होती.

कवतिका म्हणाली, "माहं झाड हाय ते."

बाईनं पायानं पाला बाजूला सारला, खालची माती पाहिली. "जाळलं कोठं हाय?"

ती उद्धटपणे बोलली नाही. आमच्या रीतीप्रमाणे तिचं बरोबर होतं. कवतिकानं टोपली उचलून कमरेवर घेतली. मग झाडाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन खाली बसली आणि पाला चाचपू लागली. मीही तिच्याजवळ बसले. तिघीजणी उजाडेपर्यंत वेचत होतो, आणि झाड कुणाचंच नव्हतं.