तिसऱ्या शिट्टीनंतर

दारावर टकटक झाली तेव्हा कुकरची दुसरी शिट्टी होत होती. शेजारीण तक्रार करायला आली आहे, याबद्दल मला जराही शंका नव्हती. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात, त्या अपार्टमेंटमध्ये आम्ही तिघी राहायचो, एक पुण्याची, एक नागपूरची आणि मी सांगलीची. तिघीही युनिव्हर्सिटीत शिकत होतो. फोडणीचा वास जिन्यात येतो, कुकर किंचाळतो, स्मोक अलार्म उठसूट बोंबलतो, हे सगळं आम्हाला सुनावून झालेलं होतं. त्यामुळे मी पदर खोचूनच दार उघडलं. अंगात ढगळ स्वेटशर्ट होता, पदराचा पत्ता नव्हता, पण आव तोच होता.

बाहेर समोरच्या अपार्टमेंटमधली चिनी मुलगी उभी होती. तिच्या हातात दुलईत गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"तुमच्याकडे वाफ आहे," ती इंग्रजीत म्हणाली.

"मग?"

"माझ्याकडे नाही. तुमच्या खिडकीची काच बाहेरून पांढरी दिसते. माझं वाद्य तुमच्या स्वयंपाकघरात ठेवू का?"

भांडायला म्हणून जुळवलेली माझी सगळी वाक्यं वाया गेली.

दुलईतून निघालं ते पोटाशी फुगीर आणि मानेला निमुळतं असं चार तारांचं लाकडी वाद्य. त्याला पिपा म्हणतात. सतारीला असतात तसे त्यालाही पडदे असतात, पण ते बांबूचे आणि नुसते चिकटवलेले. ती जिथून आली ते नदीकाठचं गाव एवढं दमट, की तिथे वाळत घातलेले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. आणि इथे बाहेर बर्फ, आत रात्रंदिवस हीटर. आमचे ओठ फुटायचे, तिथे त्या लाकडाची काय कथा! चार पडदे आधीच सुटून पडले होते आणि पुढच्या फळीवर केसाएवढी चीर दिसायला लागली होती. तिने हवेत ओलावा सोडायचं यंत्रही आणून बघितलं होतं. हीटरने त्याला भीक घातली नव्हती.

ती संगीत विभागात शेवटच्या वर्षाला होती. हिवाळा संपता संपता तिचा परीक्षेचा कार्यक्रम होता. त्यात तिला स्वतःची रचना वाजवायची होती, पिपा, इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्स अशी. ती परीक्षकांना पटली तर पदवी मिळणार होती आणि विभागात नोकरीही. नाही पटली, तर परत. तिकडे एका मोठ्या वाद्यवृंदात तिची जागा धरून ठेवलेली होती. रांगेत बसायचं आणि गुरूंच्या गुरूंनी जे वाजवलं तेच वाजवायचं.

"ते वाईट नाही," ती म्हणाली, "पण ते मला येतं."

आमची तिथल्या तिथे सभा भरली. पुण्याची म्हणाली, "अगं, पण रिस्पॉन्सिबिलिटी कोण घेणार? उद्या आपल्याकडे क्रॅक वाढला म्हणजे?" नागपूरची म्हणाली, "ठेवू दे ना यार, बिचारी किती टेन्शनमध्ये आहे." मी म्हटलं, रिस्पॉन्सिबिलिटी माझी. त्याचं कारण एवढंच, की आमच्या स्वयंपाकाच्या वासाबद्दल तिने एक अक्षरही काढलं नव्हतं.

फ्रिजच्या पलीकडे, शेगडीपासून लांब, दुधाच्या क्रेटवर घडी घातलेली गोधडी टाकून आम्ही पिपाची सोय केली. त्या दिवसापासून घरात एक नवी पीडा सुरू झाली. आम्ही स्वयंपाक आळीपाळीने करायचो, म्हणजे कागदोपत्री. खरं तर आठवड्यातले निम्मे दिवस ब्रेड नाहीतर पिझ्झा. आता ते बंद. रोज कुकर लागलाच पाहिजे, असा मी नियम केला.

"आज माझी टर्न आहे, पण मी मरतेय यार. सँडविच खाऊया ना," नागपूरची म्हणायची.

"आणि पिपा काय खाणार?" मी विचारायची.

बिचारी उठून तांदूळ धुवायला लागायची. भारतीय दुकान दोन तासांवर होतं. गाडी असलेल्या एका सीनियरला मस्का लावून आम्ही तूरडाळीची मोठी पिशवी आणवली. त्याने विचारलं, लग्न आहे का कुणाचं? पंधरवड्यात चीर वाढायची थांबली. तिने सुटलेले पडदे सरसाने पुन्हा बसवले आणि ते बसले. पिपाला मात्र हिंगाचा वास लागला तो कायमचा.

संध्याकाळी ती आमच्याकडेच सरावाला यायची. त्याची तयारी बघण्यासारखी असे. सतार वाजवणारा एका बोटात नखी घालतो. ही उजव्या हाताच्या पाचही बोटांना खोटी नखं लावायची, तीही चिकटपट्टी गुंडाळून. शेवटच्या बोटाला पट्टी लावायला मोकळं बोट उरायचं नाही, ती मी लावून द्यायची. मग ती बसायची. तिच्याकडे एक जुनी रचना होती, लढाईची. पाचही बोटं अशी फिरायची की एक सूर कुठे संपला आणि दुसरा कुठे लागला ते कळू नये. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण हातातली पोळी मी लाटायची थांबवत असे. तिची स्वतःची रचना ऐकताना मात्र माझी पोळी थांबत नसे. हे मी तिला तोंडावर सांगितलं.

"माझे प्रोफेसर पण तेच म्हणतात," ती म्हणाली. "ते म्हणतात, पिपा आणि गिटार लिफ्टमध्ये उभ्या असलेल्या अनोळखी माणसांसारखी आहेत. एकमेकांना धक्का लागू नये म्हणून जपतात."

ते तिला लागलं होतं. त्या दिवशी तिने पिपाला हातही लावला नाही, नुसती कुकरकडे बघत बसली. आधी ती बारीक सुरसूर, मग शिट्टीचं डुगडुगणं, मग ती एकदम वर चढणारी किंकाळी. आमच्याकडे वरणभाताला तीन शिट्ट्या. आणि तिसरी झाली की मी जिथे असेन तिथून, बाथरूममधूनसुद्धा, ओरडायची, "अगं, गॅस बंद कर!"

आता तिथे गॅस नव्हताच. विजेची कॉइलची शेगडी होती. नुसती बंद करून भागायचं नाही, कुकर खाली उतरवावा लागायचा. पण ओरडायचं ते गॅस बंद कर असंच. माझा आवाज आईवर गेला आहे. आई परसात कपडे वाळत घालता घालता हेच ओरडायची, आणि तिचा आवाज असा, की गल्लीतल्या दुसऱ्या घरांतले गॅस बंद होत असत.

"तिसऱ्या वेळेनंतर तू रोज काय म्हणतेस?" तिने विचारलं.

मी अर्थ सांगितला. तिने ते शब्द आपल्या जिभेवर घोळवून बघितले, अगदी चुकीचे म्हटले, आणि मान हलवून घरी गेली.

त्यानंतर ती सराव विभागातच करायला लागली, गिटारवाला आणि ड्रमवाला यांच्याबरोबर. पिपा रात्री आमच्याकडे झोपायला यायचा तेवढंच. एकदा ती वैतागून म्हणाली, "शेवटाजवळ मी एक रिकामी जागा ठेवली आहे. सगळ्यांनी थांबायचं. ड्रमवाला म्हणतो, इथे भोक पडतं. प्रोफेसरही म्हणतात, बुजव."

"मग बुजव की," मी म्हटलं. "परीक्षा तुझी आहे, वाद कशाला घालतेस?"

"नाही बुजवणार," ती म्हणाली. माझ्याइतकीच हट्टी निघाली.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून बर्फ पडत होता. पिपा आमच्या गोधडीत गुंडाळून आम्ही कॅम्पसच्या बसने निघालो. आम्ही तिघींनी साड्या नेसल्या होत्या, वर फुगीर जॅकेटं आणि पायात बर्फाचे बूट. ड्रायव्हरने आरशातून दोनदा बघितलं. स्टेजमागच्या खोलीत मी तिच्या शेवटच्या बोटाला चिकटपट्टी लावायला लागले तर ती सारखी हात मागे घेऊन पडदे तपासत होती.

"चीर वाढली नाही," मी म्हटलं, "पडदे जागेवर आहेत. आता तू जागेवर राहा." ती हसली, तेव्हा कुठे पट्टी नीट बसली.

हॉल लहानच होता, पण भरला होता. पहिल्या रांगेत प्रोफेसर आणि परीक्षक, आम्ही त्यांच्या मागे. मी दोघींना बजावलं, बोलायचं नाही, खोकायचं नाही, मध्येच टाळ्या वाजवायच्या नाहीत. आधी तिने लढाईची जुनी रचना वाजवली. मग गिटार आणि ड्रम्स आले.

गिटारवाल्याने तारांवर नुसता हात घासला. बारीक सुरसूर सुरू झाली. ड्रमवाल्याने काठ्यांऐवजी ब्रश घेतले होते, ते झांजेवर हलायला लागले. मी खुर्चीत सरळ झाले. पिपा त्या सुरसुरीच्या आतून आला, हळू, मग जोरात, पाच बोटं फिरायला लागली, आणि या वेळी कोणी कोणाला जपत नव्हतं. गिटार पिपाला ढकलत होती, पिपा ड्रमला उचलत होता. माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगते, त्याच वेळी पोटात भूक पेटली. तिने तार अशी खेचली की सूर चढत चढत वर गेला आणि तिथेच किंचाळत राहिला. नागपूरचीने माझ्या दंडाला चिमटा काढला. पुन्हा सुरसूर, पुन्हा चढण, दुसरी. पुण्याची तोंडावर रुमाल धरून बसली होती. मग पुन्हा तेच, सगळ्यांत मोठं, सगळ्यांत उंच.

आणि सगळं थांबलं.

"अगं, गॅस बंद कर!"

मी ओरडले. ठरवून नाही, विचार करून नाही, आपोआप. सांगलीच्या परसातल्या आवाजात, पेनसिल्व्हेनियातल्या भरल्या हॉलमध्ये. प्रोफेसरांनी गर्रकन मान वळवली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

तेवढ्यात ड्रमचा आवाज कोसळला, गिटारचा त्याच्यावर, आणि पिपाचा दोघांच्या डोक्यावरून. ती बरोबर माझ्याकडे बघत होती आणि तोंडभर हसत होती. लोकही हसायला लागले, आणि ते हसणं त्या वाजण्यात असं मिसळलं की जणू तेही बसवलेलं होतं. शेवटचा आघात झाला आणि हॉल उभा राहिला. आम्हीही उठलो, टाळ्या वाजवून तळहात लाल केले. मी रडत होते, आणि त्याची मला अजिबात लाज वाटली नाही.

बाहेर प्रोफेसर तिला विचारत होते, "ती बाई... ते लिहिलेलं होतं?"

"हो," ती म्हणाली. "फक्त तिला सांगितलं नव्हतं."

ते माझ्याकडे वळून म्हणाले, "भोक बुजलं म्हणायचं." परीक्षकांनी त्याच संध्याकाळी तिला पास केलं. नोकरीही मिळाली. वाद्यवृंदातली रांगेतली जागा तिने फोन करून सोडली, तीही आमच्याच स्वयंपाकघरातून. रात्री आम्ही कुकर लावला, आणि तिसऱ्या शिट्टीनंतर ओरडायचा मान तिला दिला. अजूनही चुकीचंच ओरडली.

पुढे ती ही रचना गावोगाव वाजवत राहिली. मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या कार्यक्रमाला तिने मला बसचं तिकीट पाठवून बोलावून घेतलं. ओरडायला दुसऱ्या कुणालाही सांगितलं तरी आवाजात तुझ्यासारखा राग येत नाही, म्हणाली.

त्या पहिल्या कार्यक्रमानंतरच्या रविवारी मी कॉलिंग कार्ड खरवडून आईला फोन लावला. म्हटलं, आई, मी स्टेजच्या कार्यक्रमात होते, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

"तू? तू काय केलंस?"

"ओरडले. तुझ्यासारखी. गॅस बंद कर म्हणून."



"मग?" आई म्हणाली. "केला का कुणी बंद?"