तीन हजारांच्या अलीकडचं

आमच्या ह्यांना गॅरेजमध्ये सगळे भिंगरी म्हणतात. घरीही वेगळं काही नाही. चहा उभ्यानं, जेवण अर्ध्या मांडीवर, आणि दात घासता घासता बाहेर जाऊन शेजाऱ्याच्या गाडीचं बॉनेट उघडलेलं मी स्वतः पाहिलंय. आमच्या लग्नाच्या फोटोत सगळी माणसं स्पष्ट आलीत, फक्त नवरदेव हललेला आहे.

गाड्यांची ताकद मोजायची आणि वाढवायची, हे त्यांचं काम. गॅरेजच्या मागच्या खोलीत जमिनीत मोठे रोलर बसवलेत. गाडीची चाकं त्यांवर चढवायची, पट्ट्यांनी गाडी आवळायची आणि चौथ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबायचा. गाडी जागच्या जागी बोंबलते आणि समोरच्या पडद्यावर दोन रेषा उमटतात, एक टॉर्कची, एक पॉवरची. दोन्हींतला फरक मला स्वयंपाकघरात कळला. घट्ट बसलेलं बरणीचं झाकण फिरवायला मनगटात जो जोर लागतो, तो टॉर्क. अशा बरण्या मिनिटाला किती उघडता, ती पॉवर. हे ऐकून ह्यांनी कपाळाला हात लावला होता, पण चूक काढली नाही.

गिऱ्हाईक एकच विचारतं, "किती आली?" हे रेषेच्या सगळ्यात उंच टोकावर बोट ठेवून आकडा सांगतात आणि माणूस हरखून घरी जातो. मोजणी सुरू करायची ती इंजिनाच्या मिनिटाला तीन हजार फेऱ्यांपासून, ही ह्यांची पद्धत. त्याहून कमी फेऱ्यांवर बांधलेली गाडी थडथडते, गिऱ्हाईक घाबरतं. शिवाय तोवर थांबायला धीर कोणाला आहे? तिथे बघण्यासारखं काही नसतंच, असं हे म्हणायचे.

ह्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे दीर, शाळेची व्हॅन चालवतात. शाळा टेकडीवर, मुलं खाली. मधे खडा चढ आणि त्या चढाच्या मध्यावर एक असं वळण, की वरून गाडी आली तर थांबावंच लागतं. भाऊजी स्वभावानं अगदी उलटे. एक वाक्य बोलायला घेतील तर तोवर आमच्या ह्यांचं गाव फिरून होईल. उन्हाळ्याच्या सुट्टीत व्हॅन रिकामी उभी होती, तेव्हा हे म्हणाले, "आण इकडे. तुझं इंजिन म्हणजे नुसतं खोकणारं म्हातारं आहे." भाऊजींनी मुकाट्यानं किल्ली दिली. ह्यांनी आतला कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनानं श्वास कधी आणि किती घ्यायचा ते ठरवणारा दांडा, बदलला, सायलेन्सर मोठा लावला, आणि पॉवर सत्तरवरून शहाऐंशीवर नेली. टॉर्कचं टोकही जरा वर गेलं. कागद छापून भावाच्या हातात दिला, तेव्हा ह्यांचा चेहरा पहिल्या नंबरनं पास झाल्यासारखा होता.

शाळा सुरू झाली आणि काही आठवड्यांनी माझी जाऊ भर दुपारी आली. बसेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

"ताई, मी सांगितलं असं म्हणू नका. गाडी वळणावर मागे येते."

"मागे येते म्हणजे?"

"थांबून परत निघताना बंद पडते आणि मागे सरकते. मुलं आत असतात हो! पालकांनी सांगितलंय, सोमवारी आम्ही वळणावर उभे राहणार. गाडी नीट चढली तर ठीक, नाहीतर दुसरा ड्रायव्हर बघणार."

"मग भाऊजी ह्यांना का सांगत नाहीत?"

"दादाला वाईट वाटेल म्हणतात."

माझं डोकंच फिरलं. मुलांच्या जिवाशी खेळ आणि भाऊजींना दादाचं मन सांभाळायचंय! संध्याकाळी मी काही आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं. जावेला दिलेला शब्द गेला खड्ड्यात.

हे आधी उसळले. "क्लच नीट सोडत नसेल. दोन्ही आकडे वाढलेत, गाडी चढणार नाही कशी?" कागद काढला, टोकावर बोट आपटलं, कागद ठेवला, पुन्हा काढला. शनिवारभर त्यांनी घरातले सगळे नळ आवळले, एकही गळत नव्हता. मलाही चैन नव्हतं. भाजी दोनदा करपली. व्हॅनचं काम गेलं तर भाऊजी काय करणार, यावर ना हे बोलत होते, ना मी.

रविवारी सकाळी आम्ही तिघं त्या चढावर गेलो. मुलांच्या वजनाइतकी वाळूची पोती मागे ठेवली. तरी थोडं कमी पडतंय म्हणून मला बसवलं. बायकोचं वजन इतक्या मोकळेपणानं कुणी मोजलं नसेल. हे स्वतः चालवायला बसले, भाऊजी शेजारी.

वळणावर ह्यांनी गाडी मुद्दाम थांबवली आणि पुन्हा उचलली. इंजिन गुरगुरलं, दबलं आणि बंद पडलं. गाडी मागे सरकली. मी वाळूच्या पोत्याला घट्ट धरलं. ब्रेक दाबून ह्यांनी पुन्हा सुरू केली, जास्त रेस दिली. क्लच जळल्याचा वास सुटला, गाडी हातभर पुढे गेली आणि पुन्हा मेली. तोवर भाऊजी दार उघडून खाली उतरले होते. घाई नाही, गडबड नाही, चप्पल पायात सरकवावी तितक्या सवयीनं त्यांनी सीटखालून दगड काढला आणि मागच्या चाकाला लावला.

ह्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"हा दगड कधीपासून ठेवतोस?"

भाऊजी चाकाकडेच बघत राहिले. "तू इंजिन केलंस तेव्हापासून."

ह्यांनी मान आत घेतली. हे समोरच्या, इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या काट्याकडे बघत राहिले. मग स्वतःशीच पुटपुटले, "पंधराशेवर मेली. इथे सगळं पंधराशेवर चालतं." माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, मी मोजायलाच तीन हजारांपासून सुरुवात करतो." त्या चढाला जो जोर हवा होता, तो सगळा ह्यांच्या कागदाच्या अलीकडे होता, जिथे रेषाच नव्हती. टोक उंच करण्याच्या नादात ह्यांनी तळचा जोर काढून वर नेऊन ठेवला होता.

"सांगायचं नाही का?" हे ओरडले. खरं तर ओरडायला गेले, पण आवाज फाटला.

"आलो होतो सांगायला. तू दारातच दुसऱ्या कुणाला माझ्या गाडीचा आकडा सांगत होतास. इतका खूश होतास..." भाऊजींनी वाक्य तिथेच सोडलं.

"कुठे चालवतोस ते तरी बोलायचंस!"

"तू कधी विचारलंस?"

मला वाटलं आता भांडण होणार. झालं असतं तर बरं झालं असतं. हे खाली उतरले, रस्त्याच्या कडेला गेले, परत आले, पुन्हा गेले. इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदाच भावाच्या रस्त्यावर आला होता, आणि मी तरी कुठे आले होते?

दुपारी गॅरेज उघडून ह्यांनी जुना कॅमशाफ्ट परत बसवला. तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता म्हणून, नाहीतर सोमवार हातचा गेला असता. मग व्हॅन रोलरवर घेतली आणि हजारापासून पाय दाबायला सुरुवात केली. पट्ट्या कुरकुरल्या, सगळी गाडी हिवताप भरल्यासारखी हलू लागली. हे मात्र पडद्याच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत बसले. रेषा तिथूनच वर उचलली गेली.

सोमवारी वळणावर पाच-सहा पालक उभे होते. पुढे एक शिवणकाम करणारी बाई, गळ्यात टेप तसाच. तिची मुलगी व्हॅनमध्ये नव्हती. तिनं मुलीला हाताशी धरून ठेवलं होतं. भाऊजींनी भरलेली व्हॅन वळणावर आणून थांबवली. आम्ही दोघं कडेला.  व्हॅन क्षणभर थांबली आणि सहज पुढे निघाली. थोड्या अंतरावर सपाट जागी भाऊजींनी ती उभी केली.

बाई पुढे गेली. "हे कसं झालं?"

"माझ्या दादानं नीट केली." भाऊजींनी ह्यांच्याकडे बोट दाखवलं. "इंजिनातलं फार कळतं त्याला."

पालक ह्यांच्याकडे कौतुकानं बघायला लागले. तिथे गप्प राहिले असते तर कुणालाही कधी काही कळलं नसतं. मी मनात म्हटलं, गप्प राहा. खरंच म्हटलं.

"बिघडवलीही मीच होती," हे म्हणाले. "त्यानं नाही. त्याच्या चालवण्यात काही खोट नव्हती."

 भाऊजींनी स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. बाईनं ह्यांना खालपासून वरपर्यंत नीट मापलं, कपड्याचं माप घ्यावं तसं. मुलीचा हात तिनं सोडला नव्हता.

"मग तुम्ही पण बसा," ती म्हणाली. "वरपर्यंत. आणि उद्यापण."

ह्यांनी मागचं दार उघडलं, दोन दप्तरं बाजूला केली आणि मुलांच्या मधे जागा करून बसले. मग बाईनं मुलीला उचललं आणि त्यांच्या मांडीवर दिलं.