‘आमी’ म्हणणाऱ्या बाईचा विसर्ग

पाटोद्याच्या एका शाळेत संस्कृतची जागा निघाली, तोवर माझ्या दोन मुलाखती वाया गेल्या होत्या. ही तिसरी. आठवीच्या वर्गावर पाठ घेऊन दाखवायचा होता, विषय विसर्ग. मागच्या बाकावर शहरातून आलेले तज्ज्ञ सर बसलेले.

फळ्याकडं वळता वळता सवयीनं मी बोलून गेले, “तुमी वह्या काढा.” झालं! सरांनी हात वर केला.

“बाई, ‘तुम्ही’तला ह तुम्हाला सापडत नाही. विसर्ग तर सगळा ह-चाच खेळ. तो कसा शिकवणार?”

पोरं खुदकन हसली. माझं डोकं असं सणकलं म्हणता! केजकडची हाय मी, ऐकून घेणं जमत न्हाई. वहीचं पान फाडून पट्टी केली आणि पुढच्या बाकावरच्या पोरीच्या ओठांसमोर धरली. ‘आमी’ म्हणायला लावलं, पट्टी ढिम्म. ‘हाय’ म्हणायला लावलं, पट्टी फडफडली. म्हणजे ह आमच्याकडं भरपूर, फक्त तो कुठं वापरायचा ते आमचं आमी ठरवतो.

मग साऱ्या वर्गानं पट्ट्या धरल्या. रामः म्हणताना शेवटी ‘रामह’, हरिः म्हणताना ‘हरिहि’. गुरुः मी सांगितलंच नाही. आधीचा स्वर धरून ‘गुरुहु’ पोरांनीच काढलं. लई भारी वाटलं.

लिहायची वेळ आली तेव्हा सरांनीच वाटलेलं छापील पान उघडलं. टायपिंगवाल्यानं विसर्गाच्या जागी कोलन दाबलेला. राम एकीकडं, ठिपके फटकून दुसरीकडं. सरांकडं बघतच मी पोरांना सांगितलं की हा विसर्ग नव्हे, विसर्ग अक्षराला बिलगून बसतो, आणि फळ्यावर दोन इवली पोकळ वर्तुळं काढली. सरांनी पान डोळ्यांजवळ नेलं. मग खिशातलं पेन काढून आपल्या प्रतीत दुरुस्ती केली.

दुपारी निवड झाल्याचं कळलं. स्टँडवरून वडिलांना फोन लावला. ते रोज विहारात पालीत वंदना म्हणतात, आणि पालीत विसर्गच नसतो. शाळेत त्यांना ‘तुला कशाला संस्कृत’ म्हणून त्या तासाला बाहेर बसवायचे. विसर्गावरच्या पाठाचं सगळं ऐकून ते म्हणाले, “कसा असतो गं तो? म्हण की एकदा.”

बीडची गाडी लागलेली, माणसांची ही रेटारेटी. “बुद्धः,” मी मोठ्यानं म्हटलं, श्वास पार संपेपर्यंत. तिकडून त्यांनी तोच शब्द म्हटला, आणि शेवटचा ह मला फोनात स्वच्छ ऐकू आला.