मुक्ताची तिसरी ओळ

बडोदेकर मंडळी, आत्ताच घरी आले आणि तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

माझी सात वर्षांची मुक्ता बोलताना अडखळते, म्हणून वर्गात सहसा तोंडच उघडत नाही. आज शाळेत पालकांसमोर कविता म्हणायची होती. दोन ओळी झाल्या आणि तिसरीच्या पहिल्याच शब्दावर ती अडली. मागून कोणीतरी हसलं. मी तो शब्द सांगणार, इतक्यात तिच्या बाईंनी, सुनंदाबेननी, मला हातानेच थांबवलं.

त्या मुक्ताजवळ जाऊन खाली बसल्या. "अरे वाह, बेटा! मागच्या वेळी एकच ओळ म्हटलीस, आज तर दोन! निरांते बोल, काही घाई नाही."

मुक्ताने श्वास घेतला. तिसरी ओळ तुटत तुटत आली, पण पूर्ण आली. बाईंच्या पाठोपाठ अख्ख्या वर्गाने टाळ्या वाजवल्या.

येताना खंडेराव मार्केटमध्ये भाजीला थांबलो. एरवी माझ्या ओढणीमागे लपणारी पोरगी आज पुढे झाली. "का... काका, मेथी शुं भाव?"

मी पिशवी उघडून धरली. डोळे मात्र भरून आले.

मुलांना काय जमलं नाही ते आपल्याला लगेच दिसतं. जमलेलं हेरून सांगणारं तुमच्या मुलांना कोण भेटलंय?