गाणं चालू ठेवून केलेलं पोस्टर

केप कोस्टच्या बाजारात एकुआ बेंटसिल कोण म्हणून विचारा. लोक आधी तिचं लग्न का झालं नाही ते सांगतील, मग तिचं काम. काम असं की मयताचं पोस्टर मोबाइलवर बनवायचं ॲप तिने लिहिलं होतं. फोटो निवडा, नातेवाइकांची नावं भरा, छापायला पाठवा.

आणि आमच्याकडे पोस्टरवरची नावं म्हणजे पेटतं लाकूड. एखादा पुतण्या सुटला, तर तो मयताला येऊन पोटभर जेवून जातो आणि मग जन्मभर बोलत नाही.

एकुआ छापखान्यात बसली होती, तिथे आंटी एसाबा तणतणत आल्या. "तुझ्या ॲपने माझा अख्खा गोतावळा गिळला गं! नावं भरते, फोटो निवडते, की नावं गायब! संध्याकाळी छपाई आहे."

त्यांच्या फोनवर गेलेल्या नवऱ्याने चर्चमध्ये गायलेलं गाणं चालू होतं.

"आंटी, ते जरा बंद करा. फोन जुना आहे, त्याला एवढं पेलत नाही."

"त्यांना गप्प करून त्यांचंच पोस्टर करू? हयातीत जमलं नाही ते आता?"

एकुआ हसली, मग ओशाळली. मेमरी कमी पडली की फोन ॲपला हाक मारतो, नको ते सोड म्हणून. तिने ॲपला शिकवलं होतं, हाक आली की पानावरचं सगळं सोडायचं. तिच्या स्वतःच्या दांडग्या फोनवर ती हाक कधी आलीच नव्हती. पण सोडलेला फोटो पुन्हा आणता येतो. आंटींनी टाइप केलेली नावं कुठून आणायची?

तिथेच बसून तिने दुरुस्ती केली आणि आंटींच्या फोनवर चढवली. हाक आली की फक्त फोटो सोडायचे. नावं लिहिता लिहिताच जपून ठेवायची.

आंटींनी पुन्हा नावं भरली, प्रत्येकावर एकेक शेरा मारत. फोटो निवडला. फोटोची चौकट करडी झाली. मग फोटोतला नवरा हसत परत आला. नावं जागच्या जागी, गाणंही चालूच.

"देव तुझं भलं करो," म्हणत आंटी आणखी काहीतरी टाइप करू लागल्या.

पोस्टर भिंतीवर लागलं तेव्हा नातवंडांच्या रांगेत शेवटी 'एकुआ बेंटसिल' होतं.

"ही कोणाची?" आंटींच्या दिराने विचारलं.

"माझी. हिच्यामुळे तुमचं नाव टिकलंय, भावजी. खुपत असेल तर तुमचंच काढते!"

एकुआने आजी-आजोबांचं तोंडही पाहिलं नव्हतं. मयताच्या दिवशी ती घरच्यांसारखं सुतकाचं लाल-काळं नेसून आली आणि पाहुण्यांना पिण्याच्या पाण्याच्या छोट्या पिशव्या वाटत फिरली.