भोक बुजवलेला रुपया

देवबागात खाडीच्या अंगाला तांडेलांचं घर आहे. आता त्याला घर कुणी म्हणत नाही, होमस्टे म्हणतात. पुढच्या तीन खोल्या पाहुण्यांच्या, मागच्या पडवीत घरची माणसं. त्या पडवीत चुलीपुढे बसून घावणे घालणारी, सत्तरी ओलांडलेली बाई म्हणजे भिकी. रेशनकार्डावर तिचं नाव सीता आहे, पण त्या नावाने तिला हाक मारली तर ती मान वळवायची नाही.

भिकीच्या आधीची तिच्या आईची तीन मुलं गेली होती. एकही बारशापलीकडे टिकलं नाही. चौथी ही झाली तेव्हा सुइणीने तिला सुपात घालून अंगणात ठेवली आणि मालवणच्या बंदरातून मरियमबीला बोलावणं धाडलं. मरियमबीचा नवरा गलबतावर माल आणायचा, आणि देवाच्या दयेने तिची सातही मुलं धडधाकट होती. तिने पेटीतला चांदीचा रुपया भिकीच्या आईच्या हातावर ठेवला आणि सूप उचललं.

"आता ह्यां चेडू माजा. तू फकत दूध पाज. तुका पोर नाय, समाजला? कोणी इचारल्यान तर असांच सांग."

'कोणी' म्हणजे आधीची तीन घेऊन गेलेला, ते सगळ्यांना कळलं. मग मरियमबीने तोच रुपया परत मागून घेतला, होडीचा खिळा नि हातोडी घेऊन स्वतःच्या हाताने त्याला भोक पाडलं, काळ्या धाग्यात ओवला आणि पोरीच्या गळ्यात बांधला. पोर जगली. रुपया परत गेला, म्हणजे पोर भिकेतच मिळाली, म्हणून भिकी. मरियमबी असेतो दर ईदेला भिकीला तिच्याकडून साडी यायची. मरियमबी गेली तेव्हा भिकी तिच्या मुलींच्या रांगेत बसली आणि कुणीही तिला, तू कोण गो, असं विचारलं नाही.

धागे कुजले, बदलले. रुपया तोच राहिला.

भिकीच्या सुनेची, अनुजाची, दोन गर्भारपणं अर्ध्यातच सुटली होती. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा भिकी देवापुढे बसून नवस बोलली, बारशाला हा रुपया माझ्या गळ्यातून काढून बाळाच्या गळ्यात बांधीन. अनुजाला सांगितलं तर ती नुसती म्हणाली, "बघूया आई." भिकीने त्याला होकार धरलं. त्यानंतर तिच्या जिवाला तेवढा एकच ध्यास उरला.

अशात साताऱ्याचे एक गृहस्थ होमस्टेला उतरले. जुनी नाणी जमवणारे. भिकी घावणा वाढायला वाकली तेव्हा रुपया लोंबून त्यांच्या ताटाशी आला आणि त्यांचा घास हातातच राहिला.

"आजी, हे जरा बघू?"

"गळ्यातला काढूचंय नाय. असोच बघा."

ते खुर्चीवरून उठून बाजूला उकिडवे बसले. खिशातून भिंग काढलं. रुपया कडांना धरला, छापावर बोट लागू दिलं नाही.

"कधी घासलात का? चिंच, राख, लिंबू?"

"अंगावरचा कशाक घासू? न्हाताना पाणी लागता तितक्याच."

"फार बरं केलंत. घासलेलं नाणं आम्हाला दुरून ओळखू येतं, मग त्याला किंमत नाही." त्यांनी नाणं उलटलं. "राजाचा चेहरा पार झिजलाय. मागची बाजू मात्र अजून ठसठशीत. असं एकाच बाजूने कसं?"

"राजाचा तोंड आतल्या अंगान. मरियमबीन तसोच बांधल्यान. परक्या पुरुषाचा तोंड लोकांका कशाक दाखवू?"

गृहस्थ हसले, मग गंभीर झाले. मुलगा सुदेश चहा घेऊन आला होता, त्याच्याकडे वळून म्हणाले, "साल एकोणीसशे एकोणचाळीस. या सालचा रुपया फार क्वचित दिसतो. भोक नसतं तर लाखाच्या घरात गेला असता."

"आणि आता?"

"आता चार-पाच हजार, तेही हौशी माणूस भेटला तर. झीज आम्ही चालवून घेतो, नाणं माणसांत फिरलं की झिजणारच. भोक म्हणजे इजा. तिला माफी नाही." आणि उठता उठता म्हणाले, "मी तुमच्या जागी असतो तर विकलं नसतं."

हे शेवटचं वाक्य सुदेशला ऐकूच आलं नाही. पाहुणे खोलीत गेले तसा तो आईसमोर येऊन उभा राहिला.

"लाखाचो रुपयो, आये! नि त्या बायेन खिळो मारल्यान!"

"तेवा तेची किंमत एक रुपयोच होती रे. नि माजी पण तितकीच."

"तुका हसू येता."

"मग काय रडू? शिरा पडो तुज्या तोंडार, त्या खिळ्यामुळे तू हंय उभो आसस."

त्या दिवसापासून सुदेश आईकडे बघायचा तेव्हा आधी तिच्या गळ्याकडे बघायचा. भिकीला ते दिसायचं. आपण घरातलं काहीतरी मोठं फोडून बसलो आहोत असं तिला उगाच वाटू लागलं.

गणपती झाल्यावर अनुजाला मुलगी झाली. सुदेश गोड बोलत चुलीशी आला. "आये, धागो किती दिस टिकतलो? सोनाराकडसून चांदीची कडी घालून आणतंय. बारशाक कसो शोभान दिसात!"

भिकीला भरून आलं. पोराला आपल्या मनातलं कळलं म्हणून. तिने धाग्याची गाठ स्वतः सोडली, रुपया रात्रभर देवापुढे ठेवला आणि सकाळी सुदेशच्या हातावर दिला. जन्मात पहिल्यांदा तिचा गळा मोकळा झाला. दिवसभर हात छातीशी जात होता.

बारशाच्या सकाळी तिने विचारलं तर म्हणाला, सोनाराकडे गर्दी आहे. पाळण्यात पोरीच्या गळ्यात अनुजाच्या माहेरची सोन्याची साखळी होती. नाव ठेवलं अन्वी. भिकी नवा काळा धागा मुठीत धरून ओवाळणाऱ्या बायांच्या मागे उभी होती.

पुढच्या आठवड्यात सुदेश कोल्हापूरहून आला. खिशातून रुपया काढून त्याने चुलीच्या कट्ट्यावर आपटला. भिकीने धाग्याचं टोक ओलं केलं नि ओवायला गेली. टोक चांदीवरून घसरलं. तिने रुपया उलटला, पुन्हा उलटला, दारात उजेडाला नेला. राजाच्या मुकुटावर एक गुळगुळीत, जास्तच पांढरा ठिपका होता.

"भोक खंय गेला रे?"

"बुजवून घेतलंय. नि काय उपेग झालो?" सुदेशचा आवाज चढला. "नाण्यांच्या प्रदर्शनात नेलंय. थंयच्या एका माणसान भिंगाखाली धरल्यान, नखार वाजवल्यान, म्हणता, आवाज बसलाय, भोक बुजवलंय. मी म्हटलंय, बरा, साल तर खरा आसा? तर सगळ्यांदेखत म्हणता, ज्याने भोक लपवलं त्याने साल कोरलं नसेल कशावरून? चार हजाराक पण कोण हात लावूक तयार नाय. चोराकडे बघतत तसे बघी होते माज्याकडे! कोणामुळे?"

आईला फसवलं यापेक्षा फसवूनही हात हलवत परत आलो, हेच त्याला लागलं होतं.

अनुजाने आतून म्हटलं, "अहो, ड्रिल आहे ना तुमच्याकडे? परत पाडून द्या भोक."

"दोन मिनटांचा काम," सुदेश म्हणाला.

"ड्रिलाचा भोक तां," भिकी म्हणाली. "मरियमबीचा नाय." आणि कोरा धागा तसाच गळ्यात बांधून भाकऱ्या थापायला बसली.

नाताळात पर्यटकांची रीघ लागली तेव्हा सुदेशच्या डोक्यात नवीनच आलं. त्याने रुपया काचेच्या चौकटीत बसवला, जेवणघराच्या भिंतीवर लावला आणि खाली छापून घेतलं, 'एका रुपयाला विकलेली आजी'. पाहुणे सोलकढी पीत वाचायचे, हळहळायचे, फोटो काढायचे. मग पडवीत हाक यायची, "आये, जरा हकडे ये." भिकी पिठाचे हात पुसत चौकटीशेजारी उभी राहायची.

मे महिन्यात मुंबईची एक बाई चौकटीला नाक लावून बघत राहिली.

"इथे लिहिलंय खिळ्याने भोक पाडलं. भोक तर नाहीये."

"ते आम्ही दुरुस्त करून घेतलं," सुदेश म्हणाला.

"दुरुस्त?" ती नवऱ्याकडे बघून हसली. "छान गोष्ट बनवलीय हं. आजी, तुम्हीच सांगा, खरंय हे?"

सुदेशने आईला डोळ्यांनी खुणावलं. भिकीने चौकटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. शुद्ध मराठी तिला फारसं येत नसे, पण त्या दिवशी एकेक शब्द नीट लावून बोलली.

"नाही बाई. नाणं खोटं आहे. मला कुणी विकली नाही, कुणी घेतली नाही. मरियमबी कोण, मला माहीत नाही."

भिकी पडवीत आली आणि देवाच्या फोटोकडे पाठ करून बसली. बोललेलं परत घेता येत नव्हतं.

पाहुणे गेल्यावर सुदेशने चौकट भिंतीवरून ओरबाडली, काच काढली आणि रुपया तिच्या ओटीत फेकला. "घे तुजो रुपयो! आता कोणाच्याच कामाचो नाय."

आठ महिन्यांची अन्वी रांगत आली. आजीच्या मांडीवर चढली, रुपया दोन्ही हातांनी धरला आणि तोंडात घालून हिरड्यांनी चघळू लागली. भिकीने तिला अडवलं नाही.

"आई, काय हे! केवढी घाण असते त्यावर!" अनुजा धावत आली. तिने पोरीच्या तोंडातून रुपया काढला, कट्ट्यावर ठेवला आणि तिला काखोटीला मारून मोरीवर नेलं. साबणाने तिचे हात धुतल्याचा आवाज पडवीपर्यंत येत होता.

भिकीने लाळेने ओला झालेला रुपया उचलला. तो तिने पुसला नाही, तसाच गळ्यातल्या कोऱ्या धाग्याशी धरला.