कार्ला नायगार्डची रिकामी भांडी

कार्ला नायगार्ड नेमकं करते काय, असं मिनेसोटातल्या त्या गावात कुणी विचारलं, की तिच्याआधी तिची आई आर्डिस उत्तर देऊन मोकळी व्हायची. "बरंच काही करते. धड एक काही करत नाही."

ते खोटंही नव्हतं. कार्लाने आधी चित्रं काढली, मग गोठत्या तळ्याचे आवाज टिपले, मग जुने स्वेटर उसवून माणूस मावेल एवढा तंबू विणला. शहरातली जाणकार मंडळी माना डोलवायची; पण पन्नाशी आली तरी तिचं एकटीचं प्रदर्शन काही कुठे लागलं नव्हतं.

आणि आता शहरातल्या संग्रहालयाच्या मोठ्या बाई, मिसेस ओकाफोर, स्वतः काम बघायला येणार होत्या. कार्लाने चर्चच्या तळघरात लांब टेबल मांडलं. त्यावर शेजारणींकडून मागून आणलेली काचेची भांडी, बुडाला चिकटपट्टीवर जिचं तिचं नाव. प्रत्येकात चिमुकला स्पीकर, त्यातून त्या-त्या मालकिणीचा आवाज. स्पीकर सोडला तर भांडी मुद्दाम रिकामी.

कपडे बदलायला ती घरी गेली आणि पाहुणीला घेऊनच परतली. जिन्यातच वितळलेल्या चीजचा वास आला. टेबलावरची सगळी भांडी काठोकाठ भरलेली, आणि शेजारीण वर्ना डाव घेऊन उभी.

"वर्ना, हे काय केलंत?"

"काय म्हणजे? माझ्या नावाचं भांडं चारचौघांत रिकामं? इंग्रिड बटाटे घेऊन आली, मग मी काय हात हलवत येऊ?"

"आणि माझे स्पीकर?"

"पावाच्या टोपलीत आहेत, रुमालाखाली. गप्प बसत नाहीत मेले."

टोपली खरंच बडबडत होती. मिसेस ओकाफोर वाकून ऐकू लागल्या, तेवढ्यात आर्डिसने त्यांच्या हातात बशी दिली.

"आधी जेवा बाई. कला काही निवत नाही, नूडल्स निवतात."

दुसऱ्यांदा वाढून घेताना त्यांनी विचारलं, "हे असंच ठरवलं होतंत?"

आर्डिस डोळ्यांनी खुणावत होती, हो म्हण, हो म्हण.

"नाही," कार्ला म्हणाली. "मी रिकामी मांडली होती. ह्यांना बघवलं नाही."

बाई खुदकन हसल्या. "मग माझ्याकडेही रिकामीच मांडा. एप्रिलमध्ये मोठं दालन मोकळं आहे. तिथे कुणाला बघवत नाही, ते पाहू."

कार्लाच्या आधी वर्नाच बोलली.

"एप्रिलमध्ये रस्त्यांवर बर्फ नसतो. माझ्या गाडीत मागे सहा भरलेली भांडी मावतात. इंग्रिड, तिथे तू बटाटे नको आणूस, आजचेसुद्धा उरलेत."